फीडबॅक मिळाल्याची पोच

अभिनंदन! सहायक प्राध्यापक म्हणून लॉगबुकांवर सह्या करता करता काही वर्षं गेली आणि यंदा फायनलच्या प्रॅक्टिकलला इंटर्नल, म्हणजे कॉलेजातला परीक्षक, म्हणून तुमचं नाव लागलं. मेडिकल एज्युकेशनची तीन दिवसांची कार्यशाळा तुमची झालेली आहे. तिचं सर्टिफिकेट फाइलला लागलंय आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण बरं होतं, एवढं तुम्हाला पक्कं आठवतंय. उरलेलं मी सांगतो.

पोरांचं क्लिनिकल स्किल जोखणं वाटतं तेवढं अवघड नाही. आमच्या हातून दरसाल पोरं पास होत गेली आणि आज ती आमच्याच पेठेत दवाखाने थाटून बसलीत. (आम्ही स्वतः आजारी पडलो की मुंबई गाठतो, तो भाग वेगळा.) या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे. विद्यार्थी पेशंट तपासत असताना त्याच्याकडे बघायचं नाही.

चमत्कारिक वाटलं ना? पोहायला शिकवणारा पाण्यावरची नजर काढत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाला शेजारी बसतो आणि वर स्वतःच्या पायाखाली जादा ब्रेक ठेवतो. केटररकडे नवा पोऱ्या लागला तर आचारी पहिली फोडणी डोळ्यांदेखत घालून घेतो. पण त्यांच्या धंद्यात बिघडलेलं लगेच दिसतं. वरण करपतं, गाडी खांबाला लागते. आपलं तसं नाही. आपलं दहा वर्षांनी करपतं, आणि तेही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात.

लाँग केसची सोयच मुळी या नियमाला धरून आहे. पोराला पेशंट नेमून द्यायचा, पाऊण तास-तासभर द्यायचा आणि आपण एचओडींच्या केबिनमध्ये एक्सटर्नलबरोबर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाबरोबर, पोहे खायला बसायचं. परत यायचं ते पोरगं काय सांगतंय ते ऐकायला. मधल्या वेळात त्यानं पोटाला खरंच हात लावला, की वॉर्डाच्या मामांच्या मुठीत नोट सरकवून निदान विकत घेतलं, हे कळायला मार्ग नसतो. जे पाहिलं नाही त्यावर मार्क द्यायला छाती लागते, आणि ती तुमच्याकडे आहे म्हणूनच तुमचं नाव लागलंय.

शिवाय परीक्षेचे पेशंटही मुरलेले असतात. हृदयाच्या झडपेचा जुना आजार असलेल्या एक बाई आमच्याकडे कित्येक परीक्षांना यायच्या. भत्ता, दोन वेळचा चहा आणि बिस्किटं एवढ्यावर दिवसभर छाती पुढे करायच्या. पोरानं स्टेथोस्कोप कानात घालायच्या आत म्हणायच्या, "मायट्रल स्टेनोसिस, बाळा. डावीकडं वळू का?" आणि वळून मोकळ्या व्हायच्या. स्टेथोस्कोपची कुठली बाजू लावायची हेही एखाद्या रडवेल्या पोरीला त्यांनी सांगितल्याचं मला माहीत आहे. त्या वॉर्डात तपासणीकडे लक्ष असलेल्या त्या एकट्याच.

आता कार्यशाळेतली काही नावं पाठ ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतात. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक पिरॅमिड मांडला. तळाला माहीत असणं, त्यावर कसं करायचं हे माहीत असणं, त्यावर करून दाखवणं, आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. अमेरिकेत बिचाऱ्यांची गाडी चार मजल्यांवर थांबली. आपण पाचवा चढवला : केल्याची सही असणं. तिथं पोचलं की खालच्या चारांची गरज राहत नाही.

दुसरे स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन. लाँग केसमध्ये एकाला सोपा पेशंट येतो, दुसऱ्याला अवघड. एक परीक्षक कनवाळू, दुसरा खाष्ट. यावर उपाय म्हणून त्यांनी १९७५ साली ऑस्की नावाची परीक्षा आणली. ठरावीक स्टेशनं, प्रत्येकाला तोच प्रश्न, हातात चेकलिस्ट घेऊन समोर परीक्षक, आणि वेळ संपली की घंटा. यातलं आपण मनापासून काय घेतलं असेल, तर घंटा. बाकी परीक्षक चेकलिस्टकडे बघत असतो, पोरगं परीक्षकाच्या पेनाकडे, आणि पेशंट पंख्याकडे. बेसिनला साबण नसतो, म्हणून पोरगं हवेत हात चोळत म्हणतं, "सर, मी हात धुतलेत असं समजा." समजा! टिक करा! हे पोरगं पुढे सर्जन झालं तरी समजून घेणारं कुणीतरी भेटेलच.

स्किल लॅबमधल्या बाईंनाही भेटून घ्या. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून जीव वाचवणं, शिकायची ती बाहुली. नॉर्वेतल्या लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्यानं १९६० साली ती बाजारात आणली आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा. छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जावी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, हे मनगटात मुरावं म्हणून ती आहे. जगभर तिला जिवंत करायची खटपट चालू आहे. आपल्याकडे ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुलपात असते आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर येते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात.

पण हे सगळं किरकोळ. खरी कला फीडबॅक देण्यात आहे.

कार्यशाळेत तुम्हाला फीडबॅकचं सँडविच शिकवलं असेल : आधी कौतुक, मध्ये चूक, वर पुन्हा कौतुक. आपल्याकडे त्याचा वडापाव करायचा. दोन्ही पाव काढून घ्यायचे, वडाही ठेवायचा नाही, तळलेली मिरची तेवढी द्यायची. तीही सगळ्या बॅचसमोर, पेशंटच्या कॉटशी, नातेवाइकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "तुला मेडिकलला घेतलं कुणी?" हे सदाबहार आहे. "उद्या माणसं मारशील" हेही चालतं. मग ते पोरगं सहा महिने त्या वॉर्डाच्या जिन्यानं चढत नाही, मागच्या लिफ्टनं येतं; याला शिस्त म्हणतात. नेमकं काय चुकलं आणि उद्या काय वेगळं करायचं, हे मात्र सांगायच्या भानगडीत पडू नका. ते सांगायचं तर आधी बघावं लागेल, आणि आपला मूळ नियमच मोडेल.

तुमचा स्वभाव मवाळ असेल तर दुसरी मात्रा आहे : "वाचत जा." पोराला पोट तपासताना पानथरी (म्हणजे प्लीहा, स्प्लीन) हाताला लागली नाही? वाचत जा. पेशंटला न विचारता त्याचा शर्ट वर केला? वाचत जा. रक्त काढताना हात थरथरला? वाचत जा. पोरगं इमानदारीत लायब्ररीत जाऊन बसतं आणि हात होता तिथंच राहतो.

कुणी पुराव्याचं विचारलं तर तोही तयार ठेवा. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली शेकडो निष्कर्ष एकत्र करून दाखवलं की एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं. बघा, विज्ञान आपल्या बाजूनं आहे! सरासरीनं फायदाच झाला होता, आणि बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की बिघडतं असं त्यांनी म्हटलंय; पण तेवढं पुढचं वाचायला कुणाला वेळ आहे?

एका प्रकारापासून मात्र जपा. माझ्या सगळ्या शिक्षणात माझा हात धरून जागेवर ठेवणारा एकच माणूस भेटला. आमचा रजिस्ट्रार, इमर्जन्सीच्या रात्री दोन वाजता, डोळे तांबारलेले. मी एकाच्या पोटात बोटं खुपसत होतो. त्यानं माझं मनगट धरलं, उजव्या बाजूला खाली नेलं आणि म्हणाला, "टोकं नको, बोटाची कड टेकव. आता दाबू नकोस. त्याला श्वास घेऊ दे, पानथरीच येईल तुझ्या बोटाकडे." आणि ती आली. अर्धं मिनिट गेलं असेल. पुढच्या सगळ्या नोकरीत मला जी पानथरी सापडली ती त्या अर्ध्या मिनिटाची आहे. पण सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. असला बेहिशेबी फीडबॅक ऑडिटला दाखवता येत नाही.

हिशेबाचा फीडबॅक कुठं असतो, तर लॉगबुकात. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर हे रकाने आले. कॉम्पिटन्सीचा, म्हणजे यायला हव्या त्या कौशल्याचा, नंबर, तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा, मग दर्जा : बी म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, एम म्हणजे अपेक्षेइतका, ई म्हणजे अपेक्षेहून जास्त. पुढे तुमचा निर्णय आणि तुमची सही. ज्यानं आखलं त्याचा हेतू फार चांगला होता, यात शंका नाही. तुम्ही सरसकट एम लिहा. ई लिहिलंत तर बाकीची पोरं भांडायला येतात. बी लिहिलंत तर निर्णयात 'रिपीट' लिहावं लागतं, आणि रिपीट लिहिलं की ते पोरगं खरंच परत येतं.

शेवटचा रकाना माझा लाडका आहे : 'फीडबॅक मिळाला', आणि त्याखाली विद्यार्थ्याची आद्याक्षरं. म्हणजे पोच. कुरिअरवाला निदान पार्सल हातात देतो आणि मग सही मागतो. आपल्याकडे टर्म संपायच्या आदल्या दुपारी साठ लॉगबुकं टेबलावर येतात, पोचेचे रकाने आधीच भरलेले, पेन पोरांचंच. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, भिंतीला टेकवूनही सह्या होतात. तारखांकडे फक्त लक्ष असू द्या. एकदा मी एका रविवारी आणि दोन सुट्ट्यांना मिळून अकरा प्रोसिजर शिकवल्याचं निघालं.

तर परीक्षेचा दिवस. तो एक्सटर्नलच्या गाडीवरून ठरतो. आमच्याकडे मागच्या वेळी साडेपाचची गाडी होती, त्यामुळे दुपारनंतर प्रत्येक विद्यार्थ्याची हुशारी पाच-पाच मिनिटांनी वाढत गेली. चौदा नंबरच्या कॉटवर खानदेशातले एक आजोबा होते, पानथरी बेंबीपर्यंत आलेली. खरं तर मी नियम मोडला नाही. फक्त मोबाइलला रेंज त्या पडद्यापाशीच येते, म्हणून उभा होतो, आणि पडद्याला फट होती.

पहिला मुलगा उंच, इस्त्रीचा एप्रन. त्यानं केसपेपर उतरवून घेतला, वहीत पाटाची आकृती काढावी तसं सुबक पोट काढलं, डाव्या बरगडीखाली दोनदा हात दाबला आणि बसून राहिला. थेट पानथरीच्या पाठीवरच हात ठेवल्यावर तिची कड कुठून लागायची? आजोबा म्हणाले, "डॉक्टर, आणखी खालून या." त्यानं ऐकलं नाही. पेशंटकडून फीडबॅक घ्यायचा असतो हे कुठल्या रकान्यात आहे?

दुसरी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तळवे एकमेकांवर चोळले, विचारून पांघरूण बाजूला केलं, आणि अहिराणीत बोलायला लागली. म्हातारा खुलला. बैल, विहीर, सून, सगळं निघालं, आणि त्यातच हेही निघालं की चार महिने झाले, दोन घास खाल्ले की पोट भरतं. उजवीकडून खालून वर सरकत तिनं कड शोधली, आणि सगळा वेळ ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, दुखतंय का म्हणून.

मग आम्ही आलो. मुलानं फाडफाड सांगितलं. 'अर्ली सटायटी', म्हणजे दोन घासांत पोट भरणं, हा शब्दही बरोबर जागी टाकला, जो आजोबांना त्यानं विचारलाच नव्हता. मुलीला तो शब्द आठवेना. "सर, ही इट्स लिटल... अँड स्टमक फुल," म्हणाली आणि गप्प झाली. एक्सटर्नल माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो, पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो. त्याला किती दिले आणि तिला किती, ते गोपनीय आहे, पण तुम्ही ओळखलं असेलच. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर, "तुम्हाला कसं माहीत?" असं विचारलं असतं, आणि बघितलं असं चारचौघांत कबूल करावं लागलं असतं. तिला बाहेर पडताना "वाचत जा" एवढं मात्र सांगितलं.

सव्वापाचला एक्सटर्नलना रिक्षात बसवून मी मार्कांचं पाकीट लाखेनं बंद करायला परत वर आलो, तर मामा चौदा नंबरवरचे कप गोळा करत होते. आजोबा त्यांना सांगत होते, "ती पोरगी चांगली होती बरं. हात ऊन करून मग ठेवला. त्या उंच पोरानं बघितलंच नाही, नुसतं लिहीत बसला. सायबांना सांगा."

मामांनी बिस्किटाचा पुडा त्यांच्या उशाशी सरकवला. "बाबा, चहा घ्या तुम्ही. तुमच्या सहीचा रकाना नाही त्यात."