‘सव्वीस संघांनी नाकारलेला’ सेंट लुईस: पोस्टमधलं खरं किती?

मार्टिन सेंट लुईस या आइस हॉकीपटूबद्दलची एक पोस्ट सारखी फिरत असते. तिचा आशय थोडक्यात असा: उंची कमी म्हणून सव्वीसच्या सव्वीस संघांनी त्याला ड्राफ्टमध्ये नाकारलं, कोणी त्याचा खेळ बघायलाही आलं नाही. तो जिद्दीने मेहनत करत राहिला. टॅम्पा संघाने संधी देताच त्याने लीग गाजवली. पुढे नियम बदलले आणि असे छोटे खेळाडू राज्य करू लागले. हॉकीतला दिग्गज ग्रेट्झ्की, त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं, म्हणजे ड्राफ्ट हा निव्वळ फार्स. आणि ज्या संघाने हात दिला, त्याच्याशी हा पठ्ठ्या शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला.

सेंट लुईसची ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही, हे खरं. तो पुढे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगमध्ये 1134 सामने खेळला, 391 गोल आणि 642 असिस्ट (गोल करून देणारे पास) मिळून 1033 गुण मिळवले आणि 2018 साली हॉल ऑफ फेममध्ये गेला, हेही खरं. पण या दोन टोकांच्या मधला भाग पोस्टमध्ये जवळजवळ सगळाच चुकला आहे. अशा खेळाडूचं करिअर नेमकं कुठे अडतं आणि कशामुळे सुटतं, हे त्या मधल्या भागातच कळतं.

‘सव्वीस संघांनी नाकारलं’

शब्दशः बरोबर, पण वाचणारा याचा अर्थ आयपीएलच्या लिलावात अनसोल्ड राहण्यासारखा घेतो. तसं ते नाही. लिलावात तयार खेळाडूवर पैशांची बोली लागते. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये पैशांचा संबंध नसतो. साधारण 18 ते 20 वयाच्या मुलांची नावं संघ पाळीपाळीने घेतात. नाव घेतलं की त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या एका संघाकडे जातो, इतकंच. करार होईलच असं नाही, आणि कोणत्या संघाकडे जायचं यात मुलाला विचारत नाहीत.

सेंट लुईसचा जन्म 18 जून 1975चा, क्युबेकमधल्या लाव्हालचा. त्याच्या वयाला लागू होणारे ड्राफ्ट 1993, 1994 आणि 1995चे. पहिल्या दोन वर्षी अकरा फेऱ्या, म्हणजे प्रत्येकी 286 नावं. 1995 साली नऊ फेऱ्या, 234 नावं. एकूण 806 नावांत तो नाही. वय उलटल्यावर मात्र तो मोकळा झाला. कुठल्याही संघाने कधीही यावं आणि करार करावा. पण करार होऊनही बर्फावर किती मिनिटं मिळतील, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याची पुढची सगळी गोष्ट त्या मिनिटांची आहे.

‘कोणी बघायलाही आलं नाही’

हे साफ खोटं. तो व्हरमाँट विद्यापीठाकडून खेळला. चार मोसमांत 139 सामने आणि 267 गुण. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या होबी बेकर पुरस्काराच्या अंतिम यादीत तो तीनदा होता. 1996 साली व्हरमाँट राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत पोहोचलं. त्याच संघाचा गोलकीपर टिम थॉमस 1994च्या ड्राफ्टमध्ये 217व्या क्रमांकावर घेतला गेला होता, तोही पहिल्या मोसमानंतर लगेच. म्हणजे खेळाडू हेरणारे स्काउट त्या रिंकवर येत होते आणि वहीत नावंही लिहीत होते. सेंट लुईस त्यांना दिसला नाही असं नाही. त्यांनी बघून सोडला.

‘फक्त उंचीमुळे’

अर्धसत्य. कागदोपत्री त्याची उंची 5 फूट 8 इंच. नव्वदच्या दशकात धरणं, ओढणं, स्टिकने अडवणं याकडे पंच बरीच डोळेझाक करायचे आणि संघ धिप्पाड पोरं शोधायचे, यात वाद नाही. पण ज्या कॅल्गरी फ्लेम्सने पुढे त्याला घेऊन सोडलं, त्याच कॅल्गरीने 1987 साली 166व्या क्रमांकावर थिओ फ्ल्युरीला निवडलं होतं. फ्ल्युरी 5 फूट 6 इंच. सेंट लुईस 1998–99च्या मोसमात कॅल्गरीत दाखल झाला तेव्हा संघाचा मोठा तारा फ्ल्युरीच होता. तो फेब्रुवारी 1999मध्ये कोलोराडोला गेला. बुटका खेळाडू चालत नाही असं म्हणणारा हा क्लब नव्हता. मोठ्या खेळाडूला वाढायला चार वर्षं देतात आणि छोट्याने आल्याआल्या सिद्ध करावं असं धरतात, इतका फरक त्या काळी नक्की होता.

‘जिद्दीच्या जोरावर’

इथे एरिक पेरिनचं नाव घ्यायलाच हवं. तोही क्युबेकचा, लहानखुरा, व्हरमाँटमध्ये सेंट लुईसचाच जोडीदार, आणि तोही ड्राफ्टबाहेरचा. कॉलेजात दोघांची नावं एका दमात घेतली जायची. पेरिनने दुय्यम लीग पालथ्या घातल्या, फिनलंडमध्ये बरीच वर्षं काढली आणि एनएचएलमध्ये नियमित जागा मिळाली ती 2006–07मध्ये, तिशी उलटल्यावर. एकूण 245 सामने. तेही भलतं चांगलं करिअर आहे, पण 1134 सामन्यांचं नाही. आता या दोघांतल्या कोणाची जिद्द कमी होती म्हणायची? जिद्दीवर सगळं ठरत असतं तर पेरिनच्या नावानेही एक पोस्ट फिरली असती.

जिद्दीपेक्षा आकडे जास्त सांगतात. 1997 साली एनएचएलमधल्या ऑटावाने सेंट लुईसला सरावाला बोलावलं, करार दिला नाही. मग तो दुय्यम लीगमधल्या क्लीव्हलंड लम्बरजॅक्सकडे गेला: 56 सामन्यांत 50 गुण. फेब्रुवारी 1998मध्ये कॅल्गरीने करार केला आणि त्याला एएचएल या एनएचएलखालच्या लीगमधल्या आपल्या संघाकडे, सेंट जॉनला पाठवलं. तिथे 25 सामन्यांत 26 गुण, प्लेऑफच्या 20 सामन्यांत 20 गुण. पुढच्या मोसमात सेंट जॉनमध्ये 53 सामन्यांत 62 गुण; कॅल्गरीत मात्र 13 सामन्यांत 1 गोल, 1 असिस्ट. त्याच्या पुढचा 1999–2000चा मोसम तर वाचून डोळे चोळावेत असा: सेंट जॉनकडून 17 सामन्यांत 15 गोल, कॅल्गरीकडून 56 सामन्यांत 3.

एकाच माणसाचे, एकाच हिवाळ्यातले हे आकडे आहेत. एनएचएलचे गोलकीपर आणि बचावपटू जास्त चांगले, हे एक कारण झालं. पण तेवढ्याने एवढी दरी पडत नाही.

सामन्यात बारा फॉरवर्ड उतरतात, तिघांच्या चार लाइन. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण 40 ते 50 सेकंदांची. पहिल्या लाइनचा खेळाडू सामन्यात 18 ते 20 मिनिटं बर्फावर असतो, चौथ्या लाइनचा जेमतेम 8 ते 10. चौथ्या लाइनचं काम समोरच्यांना थोपवायचं: पक (खेळातली रबरी चकती) खोलवर टाकायचा, मागे धावायचं, धडक द्यायची, बदली व्हायचं. तिथे पक हाताळायला मिळतो तो सेकंदांच्या हिशोबात. शिवाय ड्राफ्टबाहेरच्या खेळाडूत संघाची गुंतवणूक नसते. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाने पक गमावला तर प्रशिक्षक त्याला पुढच्या शिफ्टला पुन्हा पाठवतो, कारण वर बसलेल्या मॅनेजरची अब्रू त्यात अडकलेली असते. ड्राफ्टबाहेरचा असेल तर तो बाकावर बसतो. मग तो जोखीम घेणं बंद करतो, आणि जोखीम न घेणारा छोटा फॉरवर्ड कोणाच्याच कामाचा उरत नाही.

दुसरी गोष्ट पॉवर प्ले. क्रिकेटमधला नव्हे: हॉकीत समोरच्या खेळाडूला दंड झाला की सहसा दोन मिनिटं पाच विरुद्ध चार खेळ होतो. सेंट लुईस डाव्या बाजूने फटका मारणारा, पण खेळायचा उजव्या विंगेवर. पॉवर प्लेमध्ये तो उजव्या वर्तुळात खाली, गोलच्या अगदी आडव्या कोनात उभा राहायचा. पलीकडून आडवा पास आला की पक थेट स्टिकच्या पात्यावर. थांबवायची, फिरवायची गरज नाही, आला तसा मारायचा. गोलकीपरला तेवढ्या वेळात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकावं लागतं. या फटक्यासाठी उंची लागत नाही. लागतो तो पलीकडून पास देणारा चांगला जोडीदार, आणि पॉवर प्लेवर उभं राहायची परवानगी. चौथ्या लाइनवर दोन्ही मिळत नाहीत.

‘टॅम्पाने संधी देताच लीग गाजवली’

त्याआधीचा एक नकार पोस्टमध्ये नाहीच. 2000 साली कोलंबस आणि मिनेसोटा हे नवे संघ आले. त्यांना जुन्या संघांचे संरक्षित नसलेले खेळाडू उचलता यावेत म्हणून झालेल्या विस्तार ड्राफ्टमध्ये कॅल्गरीने त्याला संरक्षित यादीबाहेर ठेवलं. दोघांपैकी कोणीही त्याला उचललं नाही. मग कॅल्गरीने उरलेला करार पैसे देऊन संपवला. 31 जुलै 2000 रोजी टॅम्पा बे लाइटनिंगने त्याच्याशी करार केला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

आणि ‘देताच’? पहिल्या मोसमात 40 गुण. दुसऱ्यात पाय मोडला, 53 सामन्यांत 35. तिसऱ्यात 70. चौथ्या मोसमात, 2003–04मध्ये, 94 गुण: लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस, सर्वात मौल्यवान खेळाडूचा हार्ट, आणि लीगच्या विजेत्या संघाचा स्टॅन्ली कप. कॉलेज सोडून तोवर सात वर्षं झाली होती.

गंमत म्हणजे पोस्ट लिहिणाऱ्याला खरा मसाला सापडलाच नाही. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत समोर होता तो कॅल्गरीचाच संघ. मालिकेत कॅल्गरी 3–2ने पुढे. सहावा सामना त्यांच्या घरी, बरोबरीत, दुसरा जादा डाव. तो सुरू होऊन 33 सेकंद झाली असताना टॅम्पाच्या टिम टेलरचा फटका कॅल्गरीचा गोलकीपर मिक्का किप्रुसॉफवर आदळून परत आला आणि तो सेंट लुईसने आत टाकला. सातवा सामना टॅम्पाने 2–1 असा जिंकला.

‘नियम बदलल्यामुळे छोट्यांचं फावलं’

तारखा बघा. धरपकडीवर कडक दंड आणि बर्फावरच्या दोन रेषा ओलांडणाऱ्या लांब पासला परवानगी हे बदल 2005–06पासून आले. सेंट लुईसचा हार्ट 2004चा, म्हणजे जुन्या, घट्ट हॉकीतला. इतक्या घट्ट, की 94 गुणांवर कोणी लीगमध्ये पहिला येत होता. नव्या नियमांच्या पहिल्याच मोसमात त्याचे गुण 61वर घसरले. 102 गुणांचा मोसम त्यानंतर, 2006–07मध्ये. नियमांचा फायदा एकूण लहान खेळाडूंना झाला हे मान्य, पण याचं उदाहरण म्हणून याच माणसाला पुढे करणं म्हणजे उलटी गंगा.

‘ग्रेट्झ्कीलाही घेतलं नव्हतं’

त्याला घ्यायची वेळच आली नाही. 1978 साली, सतराव्या वर्षी, वेन ग्रेट्झ्कीने प्रतिस्पर्धी लीग डब्ल्यूएचएमध्ये इंडियानापोलिस रेसर्सशी करार केला, काही महिन्यांत तो एडमंटनला गेला आणि 1979 साली चार डब्ल्यूएचए संघ एनएचएलमध्ये सामील झाले तेव्हा एडमंटनला त्याला ठेवू दिलं गेलं. ड्राफ्टबाहेरचाच पीटर स्टास्टनी 1980 साली चेकोस्लोव्हाकियातून पळून क्युबेकला आला. त्याची अडचण सरहद्दीची होती. तसाच आर्टेमी पनारिन रशियातल्या केएचएलमध्ये नाव कमावून 2015 साली शिकागोला आला आणि पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित ठरला. ‘ड्राफ्टबाहेरचे महान खेळाडू’ अशी एकच यादी करून या तिघांच्या रांगेत सेंट लुईसला उभं करण्यात काही अर्थ नाही.

‘ड्राफ्ट हा फार्स’

एनएचएलमधले बहुसंख्य खेळाडू ड्राफ्टमधूनच येतात. पण शेवटच्या फेरीत निवड होणं आणि अजिबात न होणं यांत बऱ्याचदा दुसरं बरं पडतं, हे खरं. निवड झालेला मुलगा काही वर्षं एका संघाच्या हक्कात अडकतो. न झालेला कॉलेज संपताना चार-पाच संघांची माहिती काढू शकतो: कुणाकडे उजव्या विंगेवर जागा रिकामी होणार, कुणाच्या एएचएल संघात पॉवर प्ले मिळेल.

इथे फसतात ते करार वाचताना. एएचएलचा करार म्हणजे एनएचएलचा उंबरठा नव्हे. तो खेळाडू थेट वर बोलावता येत नाही, आधी त्याच्याशी एनएचएलचा करार करावा लागतो, आणि एका संघाला असे जास्तीत जास्त 50 करार ठेवता येतात. पन्नासावा भरला असेल तर पोरगा खाली कितीही गोल करो. एएचएलमधला चाचणी करार 25 सामन्यांचा. सरावाला बोलावणं आलं तर त्यात हमी कसलीच नाही. ऑटावाने 1997 साली सेंट लुईसला तेच दिलं होतं. नवोदित करार 22–23व्या वर्षी केला तर दोन वर्षांचा, 24व्या वर्षी एकाच वर्षाचा. म्हणजे उशिरा आलेल्याला पैसे वाढवून मागायची संधी लवकर येते, पण दाखवायला वेळही तेवढाच कमी.

जोनाथन मार्शेसोचं करिअर अलीकडचं. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. कोलंबस, टॅम्पा करत तो 2016 साली वर्षाला साडेसात लाख डॉलरवर फ्लोरिडाला गेला, 30 गोल केले, तरी 2017च्या विस्तार ड्राफ्टमध्ये असंरक्षित राहिला. या वेळी नव्या संघाने, वेगासने, उचलला. 2023 साली वेगासने स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा 13 गोल आणि 12 असिस्टसह प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

‘शेवटपर्यंत एकनिष्ठ’

2014च्या ऑलिम्पिकसाठी कॅनडाचा संघ निवडणारा स्टीव्ह आयझरमन हा टॅम्पाचाच जनरल मॅनेजर होता. पहिल्या यादीत सेंट लुईस नव्हता. स्टीव्हन स्टॅमकोस दुखापतीतून सावरला नाही म्हणून तो आत आला आणि सुवर्णपदक घेऊन परतला. त्याने संघ बदलून मागितला. 5 मार्च 2014 रोजी रायन कॅलहन आणि ड्राफ्टमधल्या निवडींच्या बदल्यात तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला, त्याच वर्षी त्यांच्याकडून अंतिम फेरी खेळला आणि 2015 साली तिथूनच निवृत्त झाला. टॅम्पात लोक रागावले होते. 13 जानेवारी 2017 रोजी टॅम्पाने त्याचा 26 क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्या क्लबने असा मान कोणाला देण्याची ती पहिलीच वेळ होती.