शेवटच्या खांबावर विजेचा दाब कमी राखण्याची शास्त्रोक्त रीत

घर-दुकानासारख्या लघुदाब ग्राहकाला २३० व्होल्टच्या सहा टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान दाब मिळाला पाहिजे, असे महाराष्ट्रातील नियम सांगतात. शहरातल्या माणसांना असले लाड परवडतात. आपले शेत डीपीपासून, म्हणजे रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) ठिकाणापासून, लांब असेल आणि संध्याकाळी घरात लावला आहे तो बल्ब की विझत आलेला निखारा, असा प्रश्न पाहुण्यांना पडावा अशी आपली इच्छा असेल, तर थोडे नियोजन करावे लागेल. सुदैवाने हे काम एकट्यावर पडत नाही. वीज कंपनीपासून शेजारच्या विहिरीपर्यंत सगळ्यांचा हातभार आपणास न मागता मिळतो.

पहिली काळजी तारेची घ्यावी. नवी जोडणी मागणाऱ्यासाठी वेगळे रोहित्र न बसवता जुन्याच रोहित्राची लघुदाब वाहिनी आणखी चार खांब पुढे ओढावी, आणि पुढच्या वर्षी त्या चार खांबांपुढे आणखी चार. आपल्याकडे तारांना प्राण्यांची नावे आहेत, वीझल, रॅबिट, डॉग, आणि प्राणी जितका मोठा तितकी तार जाड. तेव्हा अंदाजपत्रकात नेहमी लहानात लहान प्राणी पाळावा. वीझलचा रोध (विजेला होणारा अडथळा) किलोमीटरला जवळजवळ एक ओहम असतो. पाच अश्वशक्तीच्या आठ मोटारी अशा एक किलोमीटर तारेच्या टोकाला चालू केल्या, की तीन फेजच्या प्रत्येक तारेत साठेक अँपिअर वाहतात आणि वाटेतच पन्नास-पंचावन्न व्होल्ट गळून पडतात. रोहित्रातून २५० व्होल्ट निघाले असतील तर टोकाला दोनशेसुद्धा पोहोचत नाहीत. अंतर आणि प्रवाह दोन्ही दुप्पट केल्यास ही घट चौपट होते आणि तारेत वाया जाणारी वीज आठपट, त्यामुळे विस्ताराच्या कामात कधीही कंटाळा करू नये.

एक धोका मात्र ओळखून ठेवावा. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) वाहिनीच शेतापर्यंत आणून दोन-तीन पंपांना मिळून एक छोटे रोहित्र द्यावे, असे सुचवणारे लोक असतात. तेवढ्याच विजेसाठी ११ केव्हीवर प्रवाह सुमारे पंचविसावा हिस्सा लागतो, म्हणून दाब टिकतो, आणि शिवाय उघड्या तारेवर आकडा टाकण्याची सोयही जाते. अशा माणसाला बैठकीत बोलू देऊ नये.

आता आपल्या बाजूची कामे. मंजूर भार तीन अश्वशक्तीचा ठेवून विहिरीत साडेसातची मोटार सोडावी आणि मोटारीवरची पट्टी तीनचीच राहू द्यावी. मोटारीजवळ बसवलेला कपॅसिटर त्वरित काढून टाकावा, कारण तो शक्तिगुणक (ओढलेल्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.८ वरून ०.९५ पर्यंत नेऊन तारेतला प्रवाह सोळा टक्क्यांनी कमी करतो, आणि त्याचा फायदा आपल्यापेक्षा शेजाऱ्यालाच जास्त होण्याची भीती असते. त्याच्या जागी वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच लावावा. शेतीला आठ तास वीज, त्यातही काही दिवस रात्रीची. अशा वेळी मध्यरात्री उठून स्टार्टर दाबण्याचा त्रास ऑटोस्विच वाचवतो, ही गोष्ट खरी आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु वीज येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह मागते, आणि डीपीचा फ्यूज उडतो. तो पुन्हा उडू नये म्हणून तेथे जाड ॲल्युमिनियमची तार बांधावी. पुढच्या खेपेस फ्यूज शाबूत राहतो, रोहित्र जळते.

दाब फारच उतरला तर रोहित्राचा टॅप, म्हणजे बाहेर पडणारा दाब कमी-जास्त करण्याची कळ, चढवण्याचा आग्रह धरावा. ज्या रोहित्राला टॅप असतो तेथे एका पायरीने साधारण अडीच टक्के वाढ मिळते. दोन पायऱ्या चढवून घेतल्यावर दिवसा टोकाच्या मोटारीला काहीसे बरे वाटते. रात्री शेतीचा भार उतरला की रोहित्राशेजारच्या घरात मात्र २६० व्होल्ट येतात आणि टीव्ही धूर सोडतो. तक्रार करणाऱ्यांची संख्या अशी वाढल्याने आपले म्हणणे एकाकी राहत नाही.

इंडक्शन मोटार या सगळ्यात निष्ठेने साथ देते. दाब घटला म्हणून ती काम कमी करीत नाही, उलट तेच पाणी उपसण्यासाठी प्रवाह जास्त ओढते, त्याने दाब आणखी घटतो, आणि तिचा जोर तर दाबाच्या वर्गाप्रमाणे उतरत असल्याने दोन फेजांमधल्या ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट मिळाले की निम्म्याच्या आसपास येतो. मग ती उठत नाही, नुसती घुमते, आणि वाइंडिंगचा वास येतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आल्यापासून काही जणांना काळजी वाटू लागली आहे. ती अनाठायी आहे. सौर प्रकल्पाची वीज उपकेंद्राजवळ येते आणि दिवसा मिळते, हे चांगलेच आहे, पण डीपीपासून आपल्या विहिरीपर्यंतची वीझल तीच राहते.

एवढे करूनही तक्रार नोंदवण्याचा मोह झालाच तर ती जरूर नोंदवावी. तपासणी दुपारी होईल, शेतीची पाळी रात्रीची असलेल्या आठवड्यात होईल, आणि मीटर शेवटच्या खांबावर न लावता डीपीवरच लावला जाईल. काटा २४० दाखवील. ‘दाब योग्य आढळला’ या शेऱ्याखाली आपण सही करावी, आणि तपासणीला आलेल्या माणसाच्याच मोटारसायकलीवरून जळलेली मोटार तालुक्याला रिवाइंडिंगसाठी पाठवून द्यावी.