सुरी तिच्याच हातात होती

छोट्या जलपरीची गोष्ट म्हटलं की बहुतेकांना डिस्नेचा १९८९ चा सिनेमा आठवतो. लाल केसांची एरियल, गाणी, शेवटी थाटात लग्न. लहान मुलांना तो जरूर दाखवा. पण हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३७ साली कोपनहेगनमध्ये छापलेली मूळ गोष्ट मुलं जरा मोठी झाली की त्यांना सांगितलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. विशेषतः मुलग्यांना.

मूळ गोष्टीत लग्न होतं, पण तिच्याशी नाही. वादळात बुडणाऱ्या राजपुत्राला ती वाचवते, किनाऱ्यावर ठेवते आणि लपून बसते. तो डोळे उघडतो तेव्हा समोर दुसरीच मुलगी असते. पुढे पाय मिळावेत म्हणून ही चेटकिणीकडून जीभ कापून घेते. प्रत्येक पावलाला धारदार सुऱ्यांवर चालल्यासारख्या वेदना, आणि तरी ती त्याच्यासमोर नाचते. तो तिचे लाड करतो, आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. मन मात्र त्या दुसऱ्या मुलीतच अडकलेलं, आणि तेही तो हिलाच सांगतो. हिला तोंड उघडून खरं काय ते सांगता येत नाही.

अनेकजणी म्हणतात, एका पुरुषापायी स्वतःला संपवणाऱ्या मुलीची ही गोष्ट, कशाला सांगायची? मला ते पटत नाही. राजपुत्र दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तिला माणसांच्या जगाची ओढ आहे. जलपऱ्या तीनशे वर्षं जगतात आणि मग समुद्राचा फेस होतात. माणसाचा आत्मा अमर असतो, हे आजीकडून कळल्यावर तिला तो आत्माही हवा असतो. राजपुत्र त्या ओढीचा एक भाग आहे, सगळी ओढ नव्हे. आणि त्याने तिला फसवलेलंही नाही. त्याचं तिच्यावर तसं प्रेम नव्हतं, एवढंच.

लग्नाच्या रात्री जहाजावर जे घडतं, त्यासाठी मी ही गोष्ट सांगते. राजपुत्राने दुसरीशी लग्न केलं, म्हणून चेटकिणीच्या अटीप्रमाणे पहाट झाली की ती मरणार. तिच्या बहिणी केस कापलेल्या अवस्थेत पाण्यावर येतात. ते केस देऊन त्यांनी चेटकिणीकडून एक सुरी आणलेली असते. सूर्य उगवायच्या आत ती त्याच्या काळजात खुपस, त्याचं रक्त तुझ्या पायांवर पडलं की पुन्हा शेपूट येईल, तू जगशील. ती पडदा सारते. नवरी त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपलेली. ती वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेते. तो झोपेत बायकोचं नाव पुटपुटतो. सुरी हातात थरथरते, आणि ती दूर लाटांमध्ये भिरकावून देते.

आपल्याकडे पेपरात 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला' असे मथळे आपण वर्षानुवर्षं वाचतोय. नकार मिळाला म्हणून कोयता, नकार मिळाला म्हणून ॲसिड. 'मी तिच्यासाठी एवढं केलं' हे वाक्य त्यामागे हमखास असतं. जलपरीने घर सोडलं, आवाज दिला, शरीर दिलं. तिच्याइतकं कोणी केलं असेल? तरी समोरच्याने त्याची परतफेड प्रेमाने करायलाच हवी, असं ती धरून चालत नाही. हे मला फार मोठं वाटतं.

अँडरसनला हे ऐकीव नव्हतं. एडवर्ड कोलीन या मित्रावर त्याचा अतोनात जीव होता. कोलीनला तसा प्रतिसाद देता आला नाही. आठवणींच्या पुस्तकात त्याने ते मोकळेपणाने लिहिलंय, आणि त्याचा अँडरसनला खूप त्रास झाला हेही. १८३६ मध्ये कोलीनचं लग्न झालं, पुढच्याच वर्षी ही गोष्ट छापून आली. अनेक अभ्यासक या दोन्हींचा संबंध जोडतात, मलाही तो दिसतो. दोघांची मैत्री मात्र आयुष्यभर टिकली.

गोष्टीचा अगदी शेवटचा भाग मला आवडत नाही. ती हवेची कन्या होते, तीनशे वर्षं सत्कर्मं केली की तिला आत्मा मिळणार. चांगलं मूल दिसलं की त्यातलं एक वर्ष कमी, वाईट मूल पाहून अश्रू आला की प्रत्येक अश्रूमागे एक दिवस जास्त! मुलांवर हे ओझं कशाला? तेवढा हिशेब मी सांगताना खुशाल गाळते. त्याऐवजी समोर बसलेल्या पोरांना विचारते, तिने सुरी का फेकली असेल? आणि मग त्यांना बोलू देते.