शिक्षण घरबसल्या, परीक्षा मात्र केंद्रावर

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या अंतिम परीक्षा घरी बसून, पुस्तक समोर ठेवून देता येतात, असे ऑनलाइन शिक्षणावरील आपल्या लेखात सरसकट म्हटले आहे. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाबाबत ते खरे नाही. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील हे अभ्यासक्रम कोणालाही विनामूल्य शिकता येतात, परंतु प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षेची वेगळी नोंदणी करावी लागते आणि ठरलेल्या दिवशी केंद्रावर जाऊन पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते.

साप्ताहिक स्वाध्यायांना 25 गुण आणि या परीक्षेला 75 गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम 8 स्वाध्यायांचीच सरासरी धरली जात असल्याने आजारपणात एखादा आठवडा बुडाला तरी बिघडत नाही. मात्र स्वाध्यायांत 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. स्वाध्यायांची उत्तरे मित्रांकडून उतरवून घेणारे (तसे पुष्कळ असतात, हे मान्य करायला हवे) अडकतात ते इथेच, आणि ते योग्यच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांनुसार महाविद्यालयातील एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात, परंतु जवळचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर खेड्यातील विद्यार्थ्याला सकाळच्या परीक्षेसाठी आदल्या रात्रीच मुक्कामाला निघावे लागते, आणि त्या खर्चाचा उल्लेख लेखात कुठेही नाही.