खुलासा : गाडी जॅकवर आहे म्हणून खाली शिरू नका

‘डिकीतला जॅक एक टनाचा असतो, गाडीचा एकच कोपरा उचलायचा असतो, खाली दोन विटा सरकवा आणि घरीच ऑइल बदला’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातला वजनाचा हिशोब बरोबर आहे, सल्ला मात्र जीवघेणा.

तो जॅक फक्त स्टेपनी लावण्यापुरता. त्याचं बूड तळहाताएवढं. गाडी जराशी पुढे-मागे सरकली की तो आडवा होतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) जॅकही भरवशाचा नाही, सील गळलं की हळूहळू बसतो. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक त्याहून वाईट. एका बिंदूवर भार आला की ते चिरत नाहीत, एकदम फुटतात.

जागा सपाट, टणक हवी; सोसायटीचा उतार नको. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागचीच चाकं धरतो, म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, वजन लोखंडी जॅक स्टँडवर (गाडीखाली ठेवायच्या पक्क्या टेकूवर) उतरवा आणि गाडी हाताने हलवून बघा. हलली? मग उतरवून पुन्हा लावा. काढलेलं चाक फ्रेमखाली आडवं सरकवून ठेवा.