पाण्याची कड म्हणजे किनारा नव्हे
कॅनडातील मॅकेंझी नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा किती मागे हटला, हे एका लेखात वेगवेगळ्या वेळच्या दोन उपग्रह-प्रतिमांमधील पाण्याची कड जुळवून दाखवले आहे. या पद्धतीबद्दल मला शंका आहे. ही नदी ज्याला मिळते त्या ब्यूफोर्ट समुद्रात भरती-ओहोटी किरकोळ असली, तरी वायव्येचे वादळी वारे पाणी मीटरभर सहज चढवतात, आणि त्रिभुज प्रदेशाचा समुद्राकडील भाग इतका सपाट आहे की तेवढ्याने पाणी फार आतवर पसरते. (सप्टेंबर १९९९ च्या वादळात तर आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने मोठ्या पट्ट्यातील झुडपे मेली.) तिथल्या पेली बेटासारख्या, मातीत बर्फ साठलेल्या कड्यांवर माथ्याची रेषा, म्हणजे टुंड्राचा गवताळ थर तुटून खाली लोंबतो ती जागा, आखणे अधिक भरवशाचे. चिखलाच्या सपाटीवर मात्र वनस्पतींची सीमाच धरावी लागते, आणि नकाशावर प्रतिमेच्या तारखेसोबत त्या दिवशीचा वाराही नोंदवायला हवा.