‘अर्धं बिल न दिसणाऱ्या वायरींचं’: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. दोन स्टार द्यायचे की पाच, हा तुमचा प्रश्न. पण उद्या घरी मॉडेल रेल्वेचा लेआउट करून घेऊ पाहणारं दुसरं कुणी हे वाचणार, म्हणून फोनवर न बोलता इथेच उत्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रुळांच्या जोडात फटी सोडल्यात, म्हणजे काम ढिसाळ. प्लायखाली वायरींचं जंगल केलंय आणि अर्धं बिल त्याचंच आहे. तुमच्या नेहमीच्या वायरमनच्या मते दोन वायरींत भागलं असतं. रूळ ब्रॉडगेजच्या मानानं अरुंद दिसतात. आणि हल्ली गाडी कधी चालते, कधी जागच्या जागी थांबते, कंट्रोलरवर ‘शॉर्ट’ दाखवतो, म्हणजे वायरिंगच सदोष.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरं दुखणं तेच आहे. रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत समोरच्या सरळ रुळापासून मागच्या सरळ रुळापर्यंत जाणारा एक तिरका रूळ दिसतोय. तुमची सही असलेल्या नकाशात तो नाही. त्याच्या दोन्ही टोकांचे पॉइंटही (गाडीचा मार्ग बदलणारे सांधे) आमचे नाहीत. आम्ही सगळे लाइव्ह फ्रॉगचे, म्हणजे रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या तुकड्यातही वीज असलेले, बसवले होते, हे दोन काळ्या प्लॅस्टिक फ्रॉगचे आहेत. कुणी जोडला हे विचारत नाही. लेआउट घरात आला की सगळ्यांचे हात शिवशिवतात, आणि शिवशिवावेतच, नाहीतर काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू घेतली असती.

फक्त त्या रुळानं काय केलं ते बघा. तुमचा मेन ट्रॅक बंद अंडाकृती आहे. बाहेरच्या रुळाला लाल वायर, आतल्याला काळी. गाडी त्या तिरक्या रुळावरून पलीकडे गेली की मेन ट्रॅकवर उलट तोंड करून येते. गाडीचं तोंड फिरतं तसे रूळही फिरतात, म्हणजे लाल वायरीचा रूळ पलीकडे जाऊन काळ्या वायरीच्या रुळाला भिडतो. याला रिव्हर्स लूप म्हणतात आणि दोन रुळांच्या गाडीत तो जगात कुठेही तसाच जोडला तर शॉर्टच होतो. खात्री करायची तर ते दोन्ही पॉइंट सरळ ठेवा, गाडी दिवसभर फिरेल. त्यातला एक जरी तिरक्या रुळाकडे वळवलात की कंट्रोलर बंद. ‘कधी चालते, कधी थांबते’ याचं कारण एवढंच आहे. शॉर्ट झाल्यावर कंट्रोलरनं वीज तोडली, म्हणजे खालचं वायरिंग चोख आहे.

आता ते वायरींचं जंगल. तुमच्या वायरमनबद्दल आदर आहे, पण तो २३० व्होल्टच्या हिशेबानं बोलतोय. घराच्या वायरिंगमध्ये वाटेत एक-दोन व्होल्ट गळाले तर पंख्याला पत्ताही लागत नाही. इथे रुळावर साधारण १५ व्होल्ट आहेत आणि बूस्टर, म्हणजे कंट्रोलरचा रुळांना वीज देणारा भाग, ५ अँपिअरचा. तुमची मेन लाइन फिरून दहा-अकरा मीटर होते. टोकाला ३ अँपिअर न्यायचे म्हटले, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन पाऊण व्होल्टच्या आत गळती होते. तेच काम दाराच्या बेलच्या बारीक वायरीनं केलं तर पाच व्होल्टच्या आसपास गळतात, म्हणजे पंधरातले एक तृतीयांश. मग लांबच्या वळणावर इंजिन रडत चालतं आणि ग्राहक इंजिनाला दोष देतो.

‘पण रूळच वीज नेतात ना?’ नेतात, पण कंजूषपणे. हे रूळ तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध तांब्याच्या मानानं त्यांतून वीज फारच कमी वाहते. त्यात दर ९१४ मिलिमीटरला दोन रूळ जोडणारी फिशप्लेट. ती रूळ एका रेषेत धरायला असते. खडीचं पातळ केलेलं फेविकॉल आत झिरपलं, एक पावसाळा गेला, की तिच्यातून वीज जाईलच याची हमी कुणी देऊ नये. म्हणून आम्ही प्रत्येक रुळाला स्वतःची वायर देतो, रुळाच्या बाहेरच्या अंगाला डाख देऊन, कारण चाकाची कड आतून धावते. हे काम सावकाश करता येत नाही. आयर्न टेकवून रेंगाळलात की प्लॅस्टिकचे स्लीपर वितळून रूळ सुटतो. वाकून पाहिलंत तर आतल्या-बाहेरच्या प्रत्येक रुळातून एक वायर खाली उतरून लाल किंवा काळ्या जाड वायरीला मिळालेली दिसेल. तुमच्या बिलातले पैसे तिथे आहेत. आणि अर्धे नाहीत, एक तृतीयांशाच्या आत आहेत, बिल बघावं.

डिलिव्हरीच्या दिवशी तुमच्याच खिशातलं दहा रुपयांचं नाणं घेऊन मी ते लेआउटवर जागोजागी दोन्ही रुळांवर आडवं ठेवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी बूस्टर ताबडतोब बंद पडला होता. तुम्ही हसलात, पण तो खेळ नव्हता. पंधरा व्होल्टला पाच अँपिअर वाहायचे तर वाटेतला सगळा रोध तीन ओहमच्या आत हवा. ढिल्या फिशप्लेटी आणि बारीक वायरी मिळून तो त्यापुढे गेला, तर शॉर्ट झालाय हे बूस्टरला कळतच नाही. तो मुकाट वीज देत राहतो आणि पंचाहत्तर वॉटच्या आसपासची उष्णता त्या वायरींत, जोडांत, चाकांत मुरत राहते. सोल्डरिंगची आयर्न पंचवीस वॉटची असते. डब्याच्या बोगीचं, म्हणजे चाकांच्या सांगाड्याचं, प्लॅस्टिक किती वेळ टिकेल?

पॉइंटला तिसरी वायर कशाला, असंही वायरमननं विचारलंय. ती फ्रॉगला जाते. पॉइंट फिरला की फ्रॉगची बाजू मोटरमधल्या स्विचनं बदलते. ती नसेल तर तुमचं ते छोटं शंटिंग इंजिन प्रत्येक पॉइंटवर गचकन थांबेल. नव्या दोन पॉइंटांवर थांबतंच असेल, नाही का?

फटी: व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीच्या आहेत आणि मुद्दाम ठेवल्यात. लेआउट गच्चीवरच्या खोलीत आहे. जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात एक रूळ पाव मिलिमीटरहून जास्त वाढतो. वर प्लाय पावसाळ्यात फुगतो तो वेगळाच. सगळे जोड घट्ट भिडवले असते तर उन्हाळ्यात रूळ वळणावर बाहेर फेकला गेला असता आणि तेव्हा एकच स्टार मिळाला असता.

अरुंद दिसण्याबद्दल: बरोबर आहे तुमचं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ते मॉडेलच्या १:८७ (एचओ) प्रमाणानं भागलं तर १९.३ येतं. बाजारातला एचओ ट्रॅक १६.५ मिलिमीटरचा, परदेशी स्टँडर्ड गेजच्या मापाचा. भारतीय डबेही त्याच मापावर चालतील असेच बनतात. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाशी तुलना केलीत, तो मी मान समजतो. माझ्या निम्म्या ग्राहकांना हे वेड तिथेच लागलं. त्या टेबलाखालीही वायरी आहेतच.

आता पुढचं. तिरका रूळ ठेवायचा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जोड घालावे लागतील आणि मध्ये लाल-काळी बाजू आपोआप बदलणारा ऑटो रिव्हर्सर लावावा लागेल. त्याचे पैसे वेगळे होतील, हे आधीच सांगतो. शिवाय तो रूळ फोटोवरून आठेक फुटांचा वाटतो आणि तुमची चौदा एलएचबी डब्यांची गाडी इंजिनासकट तेरा फुटांच्या वर जाते. दिव्यांच्या डब्यांची धातूची चाकं दोन्ही टोकं एकाच वेळी ओलांडू लागली की पुन्हा शॉर्ट. त्यामुळे तिथून सात डब्यांपर्यंतचीच गाडी काढा, लांब गाडी मेन लाइनवरच फिरू द्या. मुलगा शनिवारी दुपारी येऊन माप घेईल, त्या फेरीचे पैसे घेणार नाही. तोवर तिरक्या रुळाच्या दोन्ही टोकांच्या फिशप्लेटी तेवढ्या काढून ठेवा आणि ते दोन्ही पॉइंट सरळच राहू द्या. बाकी लेआउट आजपासून चालवायला हरकत नाही.